एक तारीख

वालचंदनगर, ११ सप्टेंबर १९९६, बुधवार

नीताला विमान कंपनीचं पत्र आलं. माझी मुलगी वैमानिक म्हणून रुजू होणार. दोन तारखा दिल्या आहेत, एक ऑक्टोबर किंवा एक नोव्हेंबर. कोणती ते उद्या तारेने कळवायचं.

थोरले दीर, आबा, इंदापूरहून पेढे घेऊन आले आणि तारखा ऐकून दारातच थांबले. "एक ऑक्टोबर पितरपाटात येती. त्यात कुणी नवं काम धरतं व्हय? फुडची घ्या."

  शाळेत शिक्षिका म्हणून रुजू होताना मीही घरच्यांचं ऐकून अमावास्या टाळली आणि एक दिवस उशिरा हजर झाले. माझ्याबरोबर नेमलेल्या पाठकबाई अमावास्येलाच हजर झाल्या, म्हणून त्या ज्येष्ठ ठरल्या आणि मुख्याध्यापिका झाल्या. मी एका दिवसाने जन्मभर धाकटी. हे आबांना सांगायला हवं होतं. एक दिवस, फक्त एक.

नीताच म्हणाली, "आबा, आमच्यात आधी रुजू होईल तो आधी कॅप्टन. आणि त्या पंधरवड्यात पितर खाली जेवायला येतात ना? मग वर रस्ता मोकळाच की."

आबा पोट धरून हसले. "हिला वकील करायची हुती. जा बाई, एक तारखेलाच जा. पितरांचं मी बघतो."

तारेचा मजकूर नीताने लिहिला आणि माझ्यासमोर धरला. मी सवयीने लाल पेन घेऊन तपासला. एकही शब्द खोडावा लागला नाही.