निळ्या बगळ्याची भिंत

१ ऑक्टोबर १९९६, मंगळवार

झाली एकदाची. गोठ्याची रस्त्याकडची भिंत आता लाल. दोन हात दिले. ‘निळा बगळा तंबाखू चघळा – दिवस हलका जातो’ आता कुणाला वाचता येणार नाही. बगळाही गेला.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कॉफी पिताना रॉस्को म्हणाला, “आर्डन आत पोरांना देवाचं सांगतो आणि बाहेर त्याची भिंत तंबाखू चघळा म्हणते. पोरांनी ऐकायचं कुणाचं?” सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत कान गरम होते. सोमवारी रंग आणला.

देवासाठी केलं, असं बायकोला, नेडीनला सांगितलं. तिने “बरं” म्हटलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

नेडीन अंगणातून बराच वेळ भिंतीकडे बघत होती. म्हणाली, “उघडी वाटते रे. अंगावरचं काढून घेतल्यासारखी.”

४ ऑक्टोबर, शुक्रवार

शेजारचे क्लोव्हिस हप दुपारी पेंडीच्या गिरणीवर गेले ते परतले नाहीत. त्यांच्या बायकोचा, ओपलचा संध्याकाळी फोन. म्हाताऱ्याचं हल्ली असंच चाललंय – मागच्या महिन्यात मला वडिलांच्या नावाने हाक मारली होती. पण गाडी नीट चालवतात, आणि गिरणी ते घर या रस्त्यावर चाळीस वर्षांत कधी चुकले नाहीत. गिरणीवाला म्हणतो, दोन पोती घेऊन निघाले, गप्पाही मारल्या.

उजाडलं की मी नदीच्या बाजूने शोधणार, बाकीचे वरच्या डोंगराकडे.

५ ऑक्टोबर, शनिवार

सापडले. माझ्याच नजरेला पडले.

आमच्या वळणापासून सरळ पुढे, तासभराच्या अंतरावर, नदीकाठच्या बेल्सफोर्डमध्ये. शेवटच्या गल्लीत एक मोकळी जागा आहे, नुसतं गवत आणि जुन्या घराच्या दोन पायऱ्या. तिथे त्यांचा पिकअप उभा. पेट्रोल संपलेलं. मागे पेंडीची पोती. शेजारच्या सीटवर सफरचंदांची टोपली, त्यांच्याच झाडाची. ते हात मांडीवर ठेवून बसले होते. ओठ निळे पडलेले.

मी दार उघडलं तर म्हणाले, “घरी कोणी नाही.”

“आहे की. ओपल वाट बघतायत. चला.”

“हाका मारल्या मी,” म्हणाले.

माझा कोट त्यांच्या अंगावर घातला. परत येताना आमचं वळण आलं. समोर ती लाल भिंत. मी गाडी वळवली आणि वळवता वळवता लक्षात आलं.

इथे सगळे रस्ता असाच सांगतात – ‘बगळा दिसला की डावीकडे.’ टपालवाला, डॉक्टर, गाई न्यायला येणारे, सगळे. आणि मी बगळा पुसला.

६ ऑक्टोबर, रविवार

पाद्रीबुवांनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं. हरवलेल्याला शोधून आणणारा. बाहेर सगळ्यांनी माझा हात हातात घेतला. रॉस्को म्हणाला, “आणि भिंतही झकास केलीस. आता शोभतोस.”

मान खाली घातली. ती लोकांना नम्रता वाटली असणार.

दुपारी ओपल केक घेऊन आल्या. भोपळ्याचा, अजून कोमट. “तू नसतास तर...” एवढंच बोलल्या. मी बसा म्हटलं, कॉफी दिली. त्यांच्यासमोर दोन तुकडे खाल्ले. चांगला झाला होता. खाताना लाज वाटत होती आणि तरी खात होतो. ही माझी गत.

रात्री गुडघे टेकले. क्षमा मागायला शब्द होते. सांगायला जायला पाय नव्हते.

८ ऑक्टोबर, मंगळवार

क्लोव्हिस आणि ओपलची मुलगी मार्लीन कोलंबस शहरातून आली आहे. मी त्यांच्याकडे सरपण टाकायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरात बोलणं चालू होतं.

“आई, त्यांना एकटं सोडलंसच कसं तू?”

“रोजचाच रस्ता होता,” ओपल म्हणाल्या.

“रोजचा! रस्ता तोच आहे गं. बाबा ते राहिले नाहीत. तुला दिसत नाही का? की बघायचं नाही?”

ओपलनी टेबल पुसायला घेतलं. स्वच्छच होतं टेबल.

मार्लीनने गाडीच्या किल्ल्या घेतल्या आहेत. शनिवारी क्लोव्हिसना शहरात नेणार, वृद्धांच्या एका घरात. ओपल इथेच राहणार, गुरांची सोय होईपर्यंत.

मी दारात टोपी हातात घेऊन उभा होतो. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. ‘ओपलची चूक नाही, खूण मी पुसली.’ मी म्हणालो, “सरपण कुठे रचू?”

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी गाई सोडताना भिंतीकडे लक्ष गेलं. ऊन तिरपं पडलं होतं. लाल रंगाच्या खालून अक्षरं वर आलेली! रंग नाही, नुसत्या कडा. जिथे पांढरा रंग होता तिथलं लाकूड टिकलंय, आजूबाजूचं पावसापाण्याने झिजलंय. हात फिरवला. आंधळ्यालाही वाचता येईल. एवढे दिवस मला वाटत होतं की ती गेली.

मग एमेट क्रेबल आठवला. नदीकडचा माणूस, तंबाखू कंपनीचा रंगारी. मी नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा आला. हातात कागद नाही, दोरी नाही. शिडीवर चढायचा आणि मधल्या अक्षरापासून सुरू करायचा, मग दोन्हीकडे. कधी वाकडं गेलं नाही. सौदा असा, की रस्त्याकडची भिंत कंपनीची आणि बदल्यात उरलेल्या तिन्ही भिंती फुकट रंगवून मिळायच्या. वडिलांनी आयुष्यात तंबाखू तोंडात घातली नाही, पण गोठा कुजू नये म्हणून हो म्हणाले. त्यांना कधी लाज वाटली नाही. चर्चमध्ये ताठ बसायचे.

काही वर्षांनी अक्षरं फिकी पडली की एमेटला निरोप पोचवायचं काम क्लोव्हिसचं. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. एमेट आला की आमच्याच टेबलावर जेवायचा. जाहिरातीच्या ओळीवर आई नाक मुरडायची आणि त्याला दुसऱ्यांदा बटाटे वाढायची. कंपनी बुडाली, एमेट वारला, त्यालाही वीस वर्षं झाली असतील. भिंत तेवढी राहिली होती.

वडिलांनी जपली ती मी एका हसण्यावरून पुसली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज सांगितलं.

ओपल मागच्या दारात कणसं सोलत होत्या. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सांगितलं – वळणाची खूण मी पुसली, देवासाठी नाही, रॉस्कोच्या हसण्यासाठी. आणि मार्लीन तुम्हाला बोलत होती तेव्हा गप्प राहिलो.

त्या सोलत राहिल्या.

“माझ्या खिडकीतून तुझी शिडी दिसत होती, आर्डन. हेही बघत होते, काचेला कपाळ लावून. दिवसभर हलले नाहीत खिडकीतून.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“मग? मी केक घेऊन आले ते काय तुझं कौतुक करायला? म्हटलं, खाता खाता तरी बोलशील.” कणीस टोपलीत टाकलं. “दोन तुकडे खाल्लेस.”

मला जमिनीत जावंसं वाटलं.

मार्लीनला मी सांगतो म्हटलं. “सांग,” म्हणाल्या. “पण ती नेणारच. ती काही चुकत नाहीये. मला रात्री ह्यांना उचलून बसवता येत नाही, ते तिला मी सांगितलेलं नाही. तुझ्या एकट्याकडेच लपवायला काही आहे असं समजू नकोस.”

निघताना म्हणाल्या, “शनिवारी जाताना ह्यांना ती भिंत दिसू दे. एवढं कर.”

मार्लीनला अंगणात गाठून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग आत जाऊन आईच्या शेजारी बसली, कणसं सोलायला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर शिडीवर. बोटांनी कडा चाचपायच्या आणि त्यावरून पांढरा रंग ओढायचा. नेडीनने शिडी धरली. एमेटसारखं मधून सुरू केलं, तरी माझी अक्षरं दारू प्यायल्यासारखी झाली आहेत. बगळा बदकासारखा दिसतो. नेडीन हसून हसून खाली बसली, मग म्हणाली, “राहू दे. ओळखू येतो.”

रॉस्कोने गाडी हळू केली, काच खाली केली. “आर्डन, काय हे? रविवारी पोरांना काय सांगणार?”

“रस्ता सांगणार,” म्हटलं. बोलून गेल्यावर कळलं की कान गरम झाले नाहीत.

शेवटचा शब्द राहिलाय. उजेड गेला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

मी शिडीवर असतानाच मार्लीनची गाडी थांबली. ओपलनी क्लोव्हिसना उतरवलं. ते सावकाश शिडीपाशी आले, कपाळावर हात धरून वर बघितलं.

“आलास होय, एमेट? मी गेलो होतो तुझ्याकडे, बेल्सफोर्डला. हाका मारल्या. घरी कोणी नाही. सफरचंदं आणली होती तुला.”

ओपलनी तोंडावर हात धरला.

“हो का,” मी म्हणालो.

“पोराने भिंत पुसली रे. म्हटलं, त्याच्या बापाने बघायच्या आत तुला घेऊन यावं.” मग शिडीला हात लावून, हळू आवाजात, “पोराला काही बोलू नकोस. हसलं असेल त्याला कुणीतरी.”

मी शेवटचा शब्द पुरा करेपर्यंत त्यांनी शिडी धरून ठेवली.