पिशवीतले दोन पाव

आई, मी एर्लांगेनला आहे, जर्मनीत, तुझ्या नातवाच्या घरी. तुला जाऊन तीस वर्षं झाली. त्यामुळे तो इथे इंजिनिअर आहे, त्याची बायकोही नोकरी करते आणि त्यांना अडीच वर्षांची मुलगी आहे, यातलं काहीच तुला ठाऊक नाही. पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून देते. हे आधीच सांगून ठेवते.

शनिवारी आम्ही सगळे रेगेन्सबुर्ग बघायला गेलो. डॅन्यूब नदीवरचा जुना दगडी पूल, उंच चर्च, फरसबंदी गल्ल्या, त्यावरून बाबागाडी नुसती खडखडत होती. चर्चच्या दारात मी चपला काढायला लागले तर सूनबाई म्हणाली, "अहो आई, राहू द्या, पाय गारठतील." पुलावर मी नदीला नमस्कार केला, तर नातीनेही हात जोडले आणि नदीला "हालो" म्हणाली. हसून पुरेवाट झाली. मुक्काम हॉटेलात होता. मुलगा म्हणाला, "आई, सकाळचा नाश्ता भाड्यातच आहे, पोटभर खा. पण तिथेच बसून खायचं. बरोबर न्यायचं नाही, इथे बरं दिसत नाही ते." मी फणकाऱ्याने म्हटलं, "मला काय शिकवतोस?"

आणि सकाळी काय करते मी? मुलगा-सून कॉफी आणायला उठलेले. नात उंच खुर्चीत, मी शेजारी. समोर एवढी टोपली भरून पाव, उरलेले टाकूनच देणार असं माझ्या मनाने घेतलं. पोरीला गाडीत भूक लागेल, हेही घेतलं. कागदी रुमालात दोन पाव आणि लोण्याची एक वडी गुंडाळली आणि पिशवीत पोथीखाली सारली. नात डोळे मोठे करून बघत होती. मी ओठांवर बोट ठेवून म्हटलं, "कुणाला सांगायचं नाही हं, आपलं गुपित." मराठीत म्हटलं ना, म्हणजे इथे कुणाला कळणार नाही, असं धरून चालले. इतक्यात ताटल्या उचलायला बाई आली. नातीने माझ्यासारखंच ओठांवर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने माझी पिशवी दाखवली आणि आनंदाने ओरडली, "ओमा! ब्र्योटशेन! टाशे!" आजी, पाव, पिशवी. एवढं जर्मन मलाही येतं.

कॉफीचे कप घेऊन मुलगा मागेच उभा. "आई?" एवढंच म्हणाला. आणि आई, मी म्हटलं, "तिनेच टाकले असतील रे खेळता खेळता. माझं लक्ष नव्हतं." मराठीत म्हटलं. तिला मराठी सगळं कळतं. तिचं ओठांवरचं बोट तसंच राहिलं. सूनबाई तिच्यासमोर वाकून म्हणाली, "असं न विचारता घ्यायचं नाही, बाळा. सॉरी म्हण." पोर आईकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मग तिने त्यांचा माफीचा तो लांबलचक शब्द अर्धामुर्धा म्हटला. ती बाई हसली, आतून कागदी पिशवी घेऊन आली, तिच्यात आणखी एक पाव घालून नातीच्या हातात दिली. मुलाने मला सांगितलं, "ती म्हणतेय, लहान मुलांना आम्ही देतोच. नुसतं विचारायचं."

विचारायचं, हे ऐकलं आणि तू समोर उभी राहिलीस. मामेमावशीच्या लग्नातली पंगत. मी सात वर्षांची, तुझ्या शेजारी पाटावर. दादा तापाने घरी पडलेला, म्हणून तू बुंदीचे दोन लाडू ओच्यात घातलेस आणि मी भर पंगतीत म्हटलं, "आई, ओच्यातले लाडू सांडतील!" वाढणारी थबकली. चिमटा काढून मला गप्प करता आलं असतं तुला, पोरटी काहीतरी बोलते म्हणता आलं असतं. तू ओचा सोडलास, लाडू पानावर ठेवलेस आणि म्हणालीस, "हो, मीच घेतले. थोरला आजारी आहे. विचारून घ्यायला हवे होते, चुकलं माझं." कोणीतरी बोललंच, "मग वहिनी, पातेलंच न्या की!" सगळी पंगत हसली. तू मान खाली घालून जेवलीस आणि हात धुताना मला म्हणालीस, "तू खरं तेच बोललीस." त्यानंतर प्रत्येक लग्नात मी काकूशेजारी बसले. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, तिकडे वारा येतो. वारा-बिरा काही नव्हता, आई. मला तुझी लाज वाटायची.

परतीच्या गाडीत नातीने त्या कागदी पिशवीतला पाव काढला, मोडला आणि अर्धा माझ्या तोंडाशी धरला. मी खाल्ला. काय करणार. चोरलेले दोन कुणी परत मागितलेच नाहीत, ते तसेच पोथीखाली होते, लोणी वितळून पोथीच्या कडेला डाग पडलाय. रोज वाचायला घेते आणि अंगठा तिथेच येतो.

मुलाला सांगायचं रोज ठरवते. काल सूनबाई एकटी होती, म्हटलं आता बोलावं, तर ती म्हणाली, "आई, चहा ठेवू?" आणि मी म्हटलं, "ठेव." हे पत्र वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय, ते तिथेच राहील. नातीला मात्र मी सॉरी म्हटलं. तिला मांडीवर घेऊन, मराठीत, हळूच. पण तुला खरं सांगते, आधी दार लावून घेतलं होतं.