मागच्या दारची भाकरी

माय, तुझ्या चुलीवरून आपण भांडलो होतो ते तुला आठवत असेलच. तू काही विसरणारी नव्हतीस. वडीगोद्रीला रस्त्याकडेच्या त्या घरात पुढच्या खोलीत माझा दवाखाना, मागे तुझं स्वयंपाकघर आणि मध्ये एक पडदा. मी नवाकोरा डॉक्टर, गळ्यातला स्टेथोस्कोप न काढता जेवायला बसणारा. आणि तू पडद्याआडून ओसरीवरच्या बायांना विचारणार, "काय खाल्लं गं सकाळून?" ताप कधीपासून आहे, जुलाब किती झाले, हे मी विचारायच्या आधी तुझा हा प्रश्न. बाई "खाल्लं की" म्हणायची, तू तिच्या तोंडाकडे बघायचीस आणि मुकाट तव्यावर भाकर टाकायचीस. मला लाज वाटायची. शिकून सवरून पोरानं दवाखाना काढला आणि आईनं त्याची खानावळ केली, असं लोक म्हणत असतील असं वाटायचं. लोक तसलं काही म्हणत नव्हते. म्हणत होतो तो मीच.

कापूस वेचणीच्या दिवसांत ती बाई आली. काखेत पोरगी, दोन वर्षांची असून वर्षाची दिसणारी, पायांच्या काड्या आणि पोट तेवढं पुढं. मी तपासतो, टॉनिक लिहितो आणि ऐटीत सांगतो, रोज दूध पाजा, अंडं द्या, वरण घट्ट द्या. बाई नुसती मान हलवते. ती गेल्यावर तू पडदा सारून बाहेर आलीस, हात पिठाचे. "दूध पाज म्हणला तिला. चिठ्ठीवर म्हैस लिहून दिली का?" मी चिडलो. म्हणालो, ही गरिबी काही मी आणली नाही, आणि तुझ्या भाकरीनंही ती जायची नाही. तू शांतपणे म्हणालीस, "मंग कशानं जाती ते सांग. तू शिकलेला हाईस."

तुझी जिरवायची म्हणून का होईना, मी एक काम केलं. गहू, डाळ, शेंगदाणे भाजून गिरणीतून दळून आणले, त्यात गूळ मिसळला आणि पुड्या बांधल्या. लेकरू अशक्त असेल तर त्याच्या आईला दर आठवड्याला पुडी, फुकट. तुला सांगितलं, आता तुझी चूल घरापुरतीच. तू पुडीचा वास घेतलास, चिमूटभर तोंडात टाकलंस. "चांगलं हाय. पण इथंच चारत जा. घरी नेलेलं घराचं होतं बाबा, खाल्लेलं लेकराचं." मी म्हणालो, चारत बसायला मी काय बालवाडी काढलीय? आणि वर हेही म्हणालो की पेशंटच्या मध्ये पडत जाऊ नकोस, तुला त्यातलं काही कळत नाही. तू पदराला हात पुसलेस आणि आत गेलीस. त्या दिवसानंतर पडद्याआडून प्रश्न आला नाही. मला वाटलं, जिंकलो.

पोरगी सुधारली. संक्रांतीपर्यंत गालांवर मांस आलं, ओसरीचा खांब धरून उभी राहायला लागली, मग चालायला. मी मुद्दाम तुला बाहेर बोलावलं, तुझ्यासमोर तिला वजनकाट्यावर ठेवलं आणि म्हणालो, बघ, याला म्हणतात पुडीचा गुण. तू हसलीस. "गुण आला न्हवं, झालं मंग." एवढंच. त्या एका पोरीच्या जोरावर मी पुढं कितीतरी गावांत पुड्या वाटल्या. जालन्याला दवाखाना नेला तेव्हाही वाटल्या, तू गेल्यावरही वाटल्या. कुठं चार शब्द बोलायला बोलावलं की तिचीच गोष्ट सांगायचो आणि टाळ्या घ्यायचो. काही लेकरं सुधारत नसत. काही तर पुन्हा दिसतही नसत. मी त्यांच्या आयांवर ओरडायचो की पुडी बरोबर चारत नाही म्हणून.

आज सकाळी तीच बाई जालन्याच्या दवाखान्यात आली. केस पिकलेत, पण मान हलवायची तऱ्हा तीच. सोबत ती पोरगी, आता लग्न झालेली. तिचा नवरा इथं एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात आहे. तिच्या कडेवर तिची लेक. मला कोण आनंद झाला! पोरीला म्हणालो, "अगं, तू तर माझ्या पुड्यांवर वाढलीस." बाई हसली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं.

"कुठल्या पुड्या, साहेब? घरी नेल्या की सासूबाई डब्यात वतायच्या. आधी गड्यायच्या ताटात, मंग पोरायच्या. हिच्या वाट्याला पुडीचा कागद चाटायला. सासूबाईचं बी काय चुकलं, खानारी तोंडं लई व्हती." मग तिनं हात जोडले, माझ्यामागच्या भिंतीवर तुझा फोटो आहे त्याला. "या मावशी मागच्या दारानं बोलवायच्या न्हाई का. वेचनीला जाताना हिला घेऊन रोज जायची मी. दुधात भाकर कुस्करून हिला चारायच्या, मला बी बसवून खाऊ घालायच्या. बांधून बिलकुल देत न्हवत्या. इथंच खा म्हनायच्या. आन् म्हनायच्या, साहेबाला सांगू नको, त्याला वाटू दे."

त्याला वाटू दे! माय, मला आधी तुझाच राग आला. सांगितलं का नाहीस? मग आठवलं, तू सांगितलं होतंस, पुडी हातात धरून, सरळ शब्दांत. मी ऐकलं नव्हतं. वडीगोद्रीला मागचं दार होतं, त्या दारात तू होतीस. बाकीच्या गावांत नुसत्या माझ्या पुड्या गेल्या आणि डब्यांत ओतल्या गेल्या. ज्यांच्या आयांवर मी ओरडलो ती लेकरं आता एकेक करून डोळ्यांपुढं येतायत. त्यांचा गुन्हेगार मी आहे. हे बोलू कुणापाशी?

मग मी त्या लहानगीला तपासलं. तेच पाय, तेच पोट. औषध लिहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "काय खाल्लं गं सकाळून?" तिची आई झालेली ती पोरगी म्हणाली, "खाल्लं की." माझ्याकडे न बघता म्हणाली. माझ्यापाशी तवा नव्हता. खणात बिस्किटाचा पुडा होता, तो दिला. तिनं तो पिशवीत टाकला. "घरी मोठा हाय, दोघं खातील." काय म्हणायचं ते मला माहीत होतं. इथंच चार. दोन शब्दांचं काम. पण बाहेर गर्दी होती, मी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच वाचून दाखवायचो आणि वाईट बातमी असली की तेवढं वाक्य गाळायचो. तू माझ्या तोंडाकडे बघून विचारायचीस, "एवढंच लिहिलंय?" हे पत्र कुठं टाकणार? तू समोर असतीस तर वाचून दाखवलं असतं, पुड्यांचं, टाळ्यांचं, मागच्या दाराचं, सगळं. बिस्किटाचं तेवढं गाळलं असतं. आणि तू विचारलं असतंस, तर एवढंच आहे म्हणालो असतो.