बंद कुरणातले लाल झेंडे

१२ मे
वीज कंपनीत नोकरीला तीन महिने, आणि आज मी गावाची गुन्हेगार! कंपनीच्या पथकाला मीच डोंगरावर नेलं. नव्या मोठ्या वीजवाहिनीचा एक मनोरा आमच्या सामाईक कुरणात बसतो, तिथं लाल झेंडे रोवायला. पण गवत वाढावं म्हणून कुरण जूनपर्यंत बंद! तोवर गावातली शेळीसुद्धा आत पाय टाकत नाही. मी सात माणसं नेली — बुटांसकट.

हद्दूकाका, गावसभेचे म्होरके, म्हणाले, "शेळीला कळतं गं पोरी. पण ती बिचारी कॉलेजात कुठे गेली!"

घरातली पहिली पदवीधर मी. आई दिवसभर कुणाला तोंड दाखवेना.

१३ मे
दंड ठरला : गावजेवण.

१७ मे
जेवण झालं. रव्याचं वाफवलेलं कुसकुस, मेंढीचं मटण. सगळे पोटभर जेवलेत हे बघून मी भाषण ठोकलं. दहा वर्षांत खोऱ्यात सफरचंदांची शीतगृहं चाराची चाळीस झाली, तारा त्याच! तोडणी झाली की सगळी यंत्रं एकदम सुरू होतात आणि वीज जाते. गेल्या वर्षी बस्सूमामाच्या दोनशे पेट्या सडल्या. पाट तेवढाच आणि शेतं दहापट — टोकाच्या शेताला काय मिळणार?

मामा म्हणाला, "मग पाण्यासारख्या विजेच्याही पाळ्या लावू!"

"लागल्यात मामा. तुझी शेवटची आहे."

हसले सगळे. हद्दूकाका मात्र चहा ओतत म्हणाले, "ह्या तारेतून माझ्या दिव्याला काय?"

खरं सांगितलं — थेट काही नाही. ती मिदल्त शहराच्या वीज-उपकेंद्रात जाणार; तिथून सगळ्यांना.

"खोटं बोलली असतीस तर आत्ताच उठलो असतो," ते म्हणाले. "मनोरा होऊ दे. पण कुरणात नाही. कुणीतरी आपलं रान द्यावं."

मी तावातावानं म्हटलं, "सगळ्यांसाठी एकानं थोडं सोडायलाच हवं!"

केवढी शहाणी मी!

१९ मे
साहेबांनी नकाशा पुन्हा आखला. कुरण सोडलं तर जागा एकच — आमची बाग. बाबांच्या हातची अकरा झाडं जाणार.

बाबांना दाखवला. नकाशा उलटा धरून त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "रेघा सरळ आल्यात हो."

२२ मे
सभेत मनोऱ्यासाठी घराघराचा होकार विचारत हद्दूकाका बाबांपाशी आले. बाबा म्हणाले, "आमच्या घराचा शब्द यापुढं हिचा. हिला विचारा."

सभेत आजवर बाईनं होकार दिलेला नाही. 'हो' म्हणायच्या आधी मला दोनदा पाणी प्यावं लागलं.