पांढरीला दात नसतात

तीर्थस्वरूप बाओचूताईस,

धाकट्या रुइयुनचा वाकून नमस्कार. लिनश्वेइमातेच्या कृपेने इकडे सगळे खाऊनपिऊन सुखी. तुझी कंबर, भावजींचं पोट आणि तुमची चांदीकान अळंबीची खोली ही तिन्ही ठीक असोत, म्हणून रोज धूप लावते (काडी एकच लावते, देवीला समजतं).

पुढच्या महिन्यात सासूबाईंची सत्तरी. त्या दिवशी घरच्या चांदीकानाची, खडीसाखर आणि लाल बोरं घालून आटवलेली वाटी साऱ्या आळीला द्यायची, असं मी बोलून बसले आणि आमंत्रणंही गेली. म्हणून तुमच्यासारखं मीही यंदा प्रथमच मागच्या खोलीत तीस बाटल्यांत भुसा भरून बी लावलं. ताई, अळंबी बाटलीत उगवते हे मला अजून खरं वाटत नाही. दुपारी खोलीत वाफ भरली की मी तिथेच स्टुलावर टेकते. कापसाचे बोळे घातलेल्या बाटल्या वाफेत हलल्यासारख्या वाटतात. डुलकी लागली की त्यांतून पांढऱ्या पाकळ्या निघतात, वर छपराला टेकतात, मी त्यांतून चालते, पायाला जमीन लागत नाही आणि पलीकडून देवी विचारते, रुइयुन, चपला काढल्यास ना? (काढल्या होत्या.)

अशाच एका डुलकीतून जागी झाले, तर बाटल्यांत काळं! मॅट्रिक झालेली बाई मी, बुरशी ओळखते. पहिलं फूल देवीला बोललेलं, त्याच्या शेजारी काजळी कशी ठेवायची? जेवायच्या काड्या उकळून घेतल्या आणि तीन दिवस काळ्याचा कण न् कण टिपून काढला. मान अजून वळत नाही.

आठव्या दिवशी अळंबी शिकवणारे गुरुजी आले. एक बाटली उजेडात धरून मटकन माझ्या स्टुलावर बसले.

"वहिनी, काळं कुठे गेलं?"

"काढलं. लख्ख केलं."

"अहो, ते बियाण्यातलंच! भुसा खाते ती काळी. पांढरीला दात नसतात. काळी चावून भरवते, तेव्हा ही फुलते."

दारातून सासूबाई म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं, ही काळं उपसत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"कान आहेत ते, ऐकतात, खोलीत कुणी तोंड उघडायचं नाही, असं कुणी बजावलं होतं सूनबाई?"

आता बाटल्यांत नुसता भुसा आहे. तरी दुपारी जाऊन बसते. काल स्वप्नात कुणीतरी काळी सावली त्या पांढरीला घास भरवत होती. चेहरा तुझा होता. आई शेतात गेली की तू शेंगदाणे चावून माझ्या तोंडात घालायचीस, ते आठवलं.

भावजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
(फार स्वच्छ) रुइयुन

ता. क. तुझ्याकडच्या तीस फुललेल्या बाटल्या गुरुवारच्या बसने गोणपाटात झाकून पाठव. फळीवर मांडल्या की माझ्याच दिसतील. देवीची समजूत मी काढीन.

पुन्हा ता. क. सासूबाईंनी पत्र वाचून घेतलं. फुललेल्या नकोत. म्हणाल्या, "वाट्या जन्मभर लोकांकडे चाटल्या, उमलताना मात्र एकदाही पाहिलं नाही." तेव्हा कोवळ्याच पाठव, काळ्यासकट. पण त्या उमलायला चाळीस दिवस लागतील, सत्तरीचं काय करू, असं विचारलं, तर चपला घालून आळीत निघाल्यासुद्धा. "मीच सांगून येते, तोवर मी एकोणसत्तरचीच आहे!"