न वाचता छापलेला लेख

सांगली, ४ ऑगस्ट १९७६

ती. आबांच्या चरणी इंदूचा नमस्कार.

गणपतीच्या कृपेनं आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा कसा आहे?

कंप्युटरवरच्या यांच्या लेखाचे पेढे मात्र वाटू नका. दोऱ्यानं पानं शिवताना माझ्या हातून तिसरं पान पाचव्यामागं गेलं होतं. त्या मासिकानं ते तसंच छापलंय. म्हणजे तिथं कुणी वाचलंच नाही.

यांच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल आमच्या ह्यांना म्हणाले, "अहो, छापलं ना? मग राहू द्या की बढतीच्या अर्जात!" यांनी अर्जातून तो लेख खोडला. बढती पुढच्या वर्षावर गेली.

मग यांनी पानं नीट लावून तोच लेख दुसऱ्या मासिकाकडं पाठवला. त्यांनी शंका काढून तो दोनदा परत पाठवलाय. हे म्हणतात, "हेच खरं मासिक." मीही हो म्हणाले. पण आबा, तिसऱ्यांदा परत आला तर यांना काय म्हणू, ते सुचत नाही.

आईच्या पायांवर डोकं ठेवते.

तुमची,
इंदू