सुमतीचे लाटणे

ग्वाल्हेर, रविवार, सायंकाळ

घसा बसला. चाळीस वर्षांची घरची सायंप्रार्थना आज खंडित होणार, या विचाराने व्यथित होतो. नातीला मराठी वाचता येत नाही. म्हणाली, "आजोबा, मोबाइल पर लगा दूँ? हिंदीत आहे."

"थांब गं!" स्वयंपाकघरातून माझी पत्नी सुमती म्हणाली. पोळ्या लाटता लाटता तिने अख्खे स्तोत्र मुखोद्गत म्हटले. एकही शब्द चुकला नाही.

प्रार्थनेत लाटण्याचा आवाज होतो म्हणून मी तिला किती रागावलो! ती ऐकतच नाही, असे का मानले मी?

"पाठ कधी केलंस?" घोगऱ्या आवाजात विचारले.

"तुम्ही रोज एवढं ओरडून वाचता, पाठ न व्हायला काय झालं?"

प्रभो, उद्या घसा मोकळा झाला तरी वाचन तिचेच. पोळ्या मी लाटीन. लाटण्याचा आवाज तिने सोसावा.